गजाकाकांची डबलडेकर

आमच्या गजाकाकांच्या घरून निघताना तुम्ही चपला घातल्या की डोक्यावर दोनदा घंटा वाजते. देवाची नव्हे, बसची. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये छताला जुन्या बसमधली खरीखुरी घंटा टांगलेली आहे. तिची दोरी काकांच्या खुर्चीपासून भिंतीच्या कडेकडेने थेट दारापर्यंत गेली आहे. एकदा ओढली तर थांबायचं, म्हणजे काकू आत डब्यात काहीतरी भरतायत. दोनदा ओढली तर सुटायचं. पहिल्यांदा आलेला माणूस दचकतो. काका त्याला शांतपणे सांगतात, "डबल बेल दिलीय. निघायला हरकत नाही."

काका शहर बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण बसमधून ते अजून उतरलेले नाहीत. घरातल्या प्रत्येक दारावर जुन्या बसची पत्र्याची पाटी आहे. स्वयंपाकघरावर 'मंडई'. न्हाणीघरावर 'स्वारगेट', कारण सकाळी तिथे गर्दी असते आणि आतला कधी सुटेल ते सांगता येत नाही. झोपायच्या खोलीवर 'विश्रांतवाडी'. ही पाटी आधी मिळाली आणि ती वाया जाऊ नये म्हणून फ्लॅट इथे घेतला, असं काकूंचं म्हणणं आहे. काका ते खोडून काढत नाहीत.

लग्नकार्यात त्यांना जेवणाच्या रांगेजवळ जाऊ द्यायचं नाही असा आमच्या घराण्यात ठराव आहे. गेले की लगेच त्यांचा आवाज येतो, "पुढे सरका, पुढे सगळं मोकळं आहे. जिलबीपाशी थांबू नका, मागे बायामाणसं आहेत." एकदा तर नवऱ्यामुलाच्या मामांना त्यांनी ताटासकट खांद्याला धरून पुढे सरकवलं होतं. मामा रागावले. काका म्हणाले, "रागावताय कशाला? जागा मिळाली ना?"

नव्या बसबद्दल त्यांना विचारायचं नाही. वातानुकूलित बसला ते बस म्हणत नाहीत. "खिडकी उघडत नाही ती बस नव्हे, कपाट." पुढचा स्टॉप सांगणाऱ्या ध्वनिमुद्रित बाईंवर तर त्यांचा विशेष राग. "त्या बाईंना विचार, रामभाऊंचा गुडघा दुखतो, त्यांना स्टॉपच्या अलीकडे कोपऱ्यावर उतरवायचं असतं, हे ठाऊक आहे का तुम्हाला?" जुन्या गाड्या त्यांना माणसांसारख्या आठवतात. कुठलीशी चौऱ्याण्णव नंबरची गाडी चढाला लागली की रडायची. सव्वीस नंबरच्या घशात कायम कफ. आणखी एक होती, तिच्यात बसलं की पावसाळ्यात छत्री उघडावी लागायची, पण "स्वभावाने गरीब हो अगदी."

हे सगळे किस्से मी बँकेत तीस वर्षं सांगितले. काकांचा आवाज मला छान जमतो. उजवा हात वरच्या दांड्याला धरल्यासारखा करायचा, पाय थोडे फाकवायचे आणि "पुढे सरका" म्हणायचं, की सगळी शाखा हसायची. सुरुवात मात्र मी ठरलेली करायचो, "आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात." माझे सख्खे काका आहेत हे मी तिथे एकदाही सांगितलं नाही.

आमचं मूळ घर सदाशिव पेठेत. घरात सगळेच शिकवणारे. आजोबा संस्कृत शिकवायचे, वडील गणित, आत्या भूगोल. गजाकाका सगळ्यांत धाकटे. ते दोनदा मॅट्रिकला बसले आणि तिसऱ्या खेपेला बसमध्ये बसले, असं तेच सांगतात. वडील बाहेर सांगायचे, "धाकटा वाहतूक खात्यात आहे." समोरच्याने हुद्दा विचारला तर म्हणायचे, "फिरतीचं काम असतं." मी हे ऐकत वाढलो. लाज वाटून घेणं मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही, ते आमच्या घरात आपोआप यायचं.

मी कॉलेजात गेलो तेव्हा काका डबलडेकरवर होते. डेक्कनहून स्टेशनला जाणारी लालभडक दुमजली गाडी. त्या गाडीवर नेमणूक मिळाली म्हणून त्यांनी घरी पेढे आणले होते. वडिलांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "म्हणजे बढती का?" काका म्हणाले, "नाही. उंची वाढली."

कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम घरी आले. मला म्हणाले, "नऊ वीसची गाडी पकड. माझी आहे." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी डेक्कनच्या स्टॉपवर मला प्रवेशाच्या वेळी ओळख झालेली तीन मुलं भेटली. प्रभात रोडच्या बंगल्यांतली. घरी मोटारी असलेल्या मुलांना बसने जाण्यात गंमत वाटते तशी त्यांना वाटत होती. त्यांनी मला आपल्यात घेतलं याचाच मला इतका आनंद झाला होता की नऊ वीसची गाडी समोर येऊन उभी राहीपर्यंत काकांची आठवणच नव्हती. आम्ही चढलो आणि खालीच बसलो.

काका तिकिटं देत देत आमच्याकडे आले. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "अरे सु—" एवढं ते म्हणाले, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एका सायकलच्या दुकानाची भिंत होती.

नंदू म्हणून त्यांच्यातला एक मुलगा होता. तो माझ्या कानाशी, पण चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "सुहास, कंडक्टर बघ. नाक डिट्टो तुझं."

मी म्हणालो, "पुण्यात सगळ्यांचीच नाकं वर असतात."

तिघेही खूप हसले. माझ्या विनोदाला कॉलेजात मिळालेली ती पहिली दाद. काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी पेटीवर पंच दोनदा वाजवला, जसा ते कुणाही उतारूसमोर वाजवायचे, आणि विचारलं, "बोला साहेब. कुठलं देऊ?"

"स्टेशन," मी भिंतीकडे बघत म्हणालो. तोपर्यंत ती भिंतही मागे गेली होती.

रविवारी काका नेहमीप्रमाणे घरी आले. वडिलांशी बोलले, आईच्या हातचे पोहे खाल्ले. मला विचारलं, "कॉलेज कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"बरं चाललंय ते बरं झालं," म्हणाले आणि पोह्यांतली मिरची बाजूला काढत राहिले.

कॉलेजच्या त्या पहिल्या दिवसानंतर काका नऊ वीसच्या गाडीवर दिसले नाहीत, रजेवर होते. महिन्याभरात त्यांनी डबलडेकर सोडली आणि वाघोलीची गाडी घेतली. तेव्हा वाघोलीला आजच्यासारख्या इमारती नव्हत्या, शेतं होती. गाडीत भाजीची ओझी, कोंबड्या आणि धूळ. काकांनी घरी सांगितलं की जिना चढून गुडघे दुखतात. वडील म्हणाले, "चाळिशीच्या आधीच?" काका म्हणाले, "गुडघ्यांनी माझं वय विचारलं नाही." विषय संपला. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं ते तसंच वाटलं. पुढची तीन वर्षं मी नऊ वीसच्या गाडीने निर्धास्त कॉलेजला गेलो.

ते परत त्या गाडीवर गेलेच नाहीत. पुढे शहरातल्या डबलडेकर बंद झाल्या. एक गाडी बरेच दिवस आगाराच्या मागे गवतात उभी होती. काका सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन तिथे जायचे, रखवालदाराला सांगून वर चढायचे आणि तासभर बसून यायचे. काकूंनी हे मला काळजीने सांगितलं होतं. मी त्याचाही किस्सा केला. आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांचा.

परवा काकांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं आणि लोक नमस्काराला रांगेने येऊ लागले. काका खुर्चीतूनच सूचना देत होते, "नमस्कार झालेल्यांनी पुढच्या दाराने उतरावं. आशीर्वाद सगळ्यांना मिळणार आहे, लोंबकळू नका." मी कोपऱ्यात बसून हसत होतो. शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. वाघोलीचे सातव. काकांच्या डबलडेकरचे ड्रायव्हर.

"तुमी कोन म्हनायचे?" त्यांनी विचारलं.

"मी पुतण्या. सुहास."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. "म्हंजे कॉलेजातलं पोरगं ते तुमीच."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. अगदी सहज, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसं. "डबलडेकर सोडून ह्यो मानूस आमच्या गावच्या गाडीवर गेला, तवा समदा डेपो हसला. म्या इचारलं, गजाभाऊ, येड लागलं का? तर म्हनले, पुतन्या आपल्या गाडीनं येतो, मैतरांत त्याला अवघडल्यावानी होतंय. तीन वर्सांचं कॉलेज हाय. तीन वर्सं धूळ खाऊ." सातवांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. पोरं असत्यात तशी."

घरी येऊन चार दिवस मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. माझं वय साठ आहे. माझी मुलगी परदेशात आहे. या वयात काकांसमोर उभं राहून काय म्हणायचं, ते काही केल्या जुळेना. पाचव्या दिवशी सकाळी मी विश्रांतवाडीला गेलो.

काका हॉलमध्ये मटार सोलत बसले होते. मी समोर बसलो, चार शेंगा हातात घेतल्या आणि म्हणालो, "काका, सातवांनी मला सांगितलं. माझ्यासाठी तुम्ही डबलडेकर सोडलीत."

"सातवला वाहन चालवताना बोलू नये एवढं शिकवलं होतं," काका म्हणाले. "इतर वेळचं राहून गेलं."

"माझी चूक झाली होती. मी त्या दिवशी…"

"तुझ्यासाठी कसलं सोडतोय?" त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "सातवला सांगायला काहीतरी हवं होतं म्हणून तसं सांगितलं. तू लाजलास तो तुझा प्रश्न. मी लाजलो म्हणून गाडी सोडली."

"तुम्ही का लाजायचं?"

काकांनी एक शेंग दाबली, दाणे भांड्यात पाडले. "आठवडाभर त्या सातवचं डोकं खाल्लं होतं मी. पुतण्या कॉलेजात जाणार, आता रोज आपल्या गाडीने येणार. त्याने शेवटी हात जोडले, म्हणाला, आता गाडी तरी चालवू द्या. आणि पहिल्याच दिवशी असं झालं. तो पुढे केबिनमध्ये, त्याला काही दिसलं नव्हतं. स्टेशनला उतरून त्याने विचारलं, कुठंय पुतण्या? काय सांगणार? आणि दुसऱ्या दिवशी तू परत चढला असतास. मला परत साहेब म्हणावं लागलं असतं. एकदा म्हटलं मी. रोज म्हणणं मला जमलं नसतं."

मी खाली बघून शेंगा सोलत राहिलो. एकाही शेंगेत मला दाणे दिसत नव्हते.

"एक सांगू का," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "त्या गाडीत वरच्या मजल्यावर पहिली सीट असते. पुढे ड्रायव्हर नाही, काही नाही, नुसती काच. वळणावर झाडाच्या फांद्या थेट तोंडावर येतात. डेक्कन यायच्या आधीच मी त्या सीटवर माझी डब्याची पिशवी ठेवली होती. तुझ्यासाठी."

मी वर पाहिलं.

"तुमची तिकिटं देऊन वर गेलो, तर एक बाई तिथे उभ्या. म्हणाल्या, कंडक्टर, इथे कुणी बसलंय का? तेव्हाच पिशवी उचलायला हवी होती. नियमही तोच आहे. पण मी म्हटलं, येणार आहे." काकांनी भांडं हलवून दाणे सारखे केले. "पुढे आणखी दोघांनी विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं. स्टेशन येईपर्यंत सांगत होतो."

मी सोललेली सालं गोळा करून बाजूला केली. काकू आतून म्हणाल्या, "अहो, सुहास जेवून जाणार आहे का, विचारा त्याला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सोललेल्या मटारचं भांडं तेवढं माझ्या हातात दिलं, आत नेऊन द्यायला.

"विचारायचं काय त्यात," ते म्हणाले. "वाढ."