गिटारीत बसलेला हात

"तू वाजवायला लागलीस की खाली माझे पेशंट पळतात," दातांचे डॉक्टर बायकोला म्हणाले. "आज एक जण अर्ध्या दातावरच उठून गेला. त्याला वाटलं, वर आणखी मोठं ड्रिल चालू आहे."

"मग मी वाजवू कुठे?"

"तू एवढी फिरतेस. फिरतीवर वाजव. तिथली माणसं आपल्याला ओळखत नाहीत."

बायकोने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. तो टोमणा होता, पण कल्पना वाईट नव्हती. ती एका बिस्किट कंपनीत तपासनीस होती. गावोगावच्या कारखान्यांत न कळवता जायचं, स्वच्छता पाहायची आणि माणसं रडकुंडीला आणायची, हे तिचं काम. टोपी, मास्क आणि पांढरे बूट चढवून ती आत शिरली की मॅनेजरसुद्धा नखं लपवायचे. तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे साबणबाई. संध्याकाळी लॉजच्या खोलीत मात्र हीच साबणबाई भिंतीकडे बघत बसायची. गिटार सोबत असती तर! पण घरातली गिटार एवढी थोराड होती की तिच्यासाठी बसमध्ये वेगळी सीट लागली असती.

"लहान गिटार घेऊ या," ती म्हणाली. "उद्याच. दुपारी तपासणीला जायचंय, वाटेत दुकान आहे. अहो, तुम्हीच सोडा मला गाडीने."

उद्या दवाखान्याला सुट्टी होती. डॉक्टरांनी गाडी काढायचं कबूल केलं.

दुकानदार उंच, हडकुळा आणि हळवा होता. प्रत्येक गिटार तो तान्ह्या बाळासारखी उचलून आणायचा. बाईंनी पहिल्या गिटारवरून बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्यासमोर धरलं.

"धूळ."

"मॅडम, आवाज तर ऐका."

आवाज कानाशी डास आल्यासारखा होता. दुसरी गिटार घडी होणारी होती. "बघा, छत्रीसारखी मिटते," म्हणून दुकानदाराने ती मिटवून दाखवली. मग ती उघडेना. त्याने मान ओढली, डॉक्टरांनी बूड धरलं. डॉक्टर सवयीने म्हणाले, "आ करा." तरीही ती उघडली नाही.

तिसरी मात्र बाईंना बघताक्षणी आवडली. आखूड मान, बारीक कंबर, आवाज गोड. ती त्यांच्या बॅगेत मावली. मग त्यांनी दोन खुर्च्या चिकटवून बसची सीट केली, शेजारी प्रवासी म्हणून नवऱ्याला बसवलं आणि वाजवून पाहिलं.

"प्रवाशाला कोपर लागतंय," डॉक्टर म्हणाले.

"प्रवाशाने सरकून बसावं."

एवढ्यात तारा छेडायची प्लास्टिकची चकती, म्हणजे पिक, बाईंच्या हातून निसटली आणि गिटारच्या मधल्या भोकातून आत पडली.

"उलटी करून हलवा, पडेल," दुकानदार म्हणाला.

पण बाई भोकाला डोळा लावून बसल्या होत्या. "आतही धूळ आहे," त्या म्हणाल्या. आत कधीच कुणी बघत नाही, असं दुकानदार सांगेपर्यंत त्यांनी तारा ढिल्या केल्या, बाजूला सारल्या आणि उजवा हात मनगटापर्यंत आत घातला.

"सापडली!" त्या आनंदाने म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "अहो, हात निघत नाहीये."

दुकानदाराने गिटार धरली, डॉक्टरांनी बायको धरली. दोघांनी ओढलं. बायको आणि गिटार दोन्ही डॉक्टरांकडे आल्या.

"साबण लावू या," डॉक्टर म्हणाले.

"लाकूड फुगेल!" दुकानदार कळवळला.

"मग करवत आणा."

दुकानदाराने भिंतीला टेकून डोळे मिटले. शेवटी डॉक्टरांनी मुकाट्याने गिटार विकत घेतली. दुकानदाराने सवयीने विचारलं, "बांधून देऊ, की असंच नेता?"

गाडीत डॉक्टर म्हणाले, "सरळ हॉस्पिटलात जाऊ."

"मुळीच नाही. तपासणी आजच व्हायला हवी. उद्यापर्यंत बातमी फुटते आणि सगळे चकाचक होऊन बसतात. दर वेळी हेच. फाटकावरच्या माणसाला माझे पांढरे बूट लांबून दिसतात, तो घंटा दाबतो आणि आत धावपळ होते. आजवर खरा कारखाना मी पाहिलेलाच नाही."

"बूट घाल मग."

"एका हाताने नाड्या कशा बांधू?"

तेव्हा बाई चपलेवरच निघाल्या. कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने आधी गिटार पाहिली, मग बाई, आणि त्याचा चेहरा खुलला.

"आलात का! केव्हाची वाट बघतायत. आज साहेबांचा वाढदिवस, गाण्याशिवाय केक कापणार नाहीत म्हणतात." मग डॉक्टरांकडे वळून, "तुम्ही काय करता?"

"मी दात काढतो."

"ते आम्ही काढू. तुम्ही काहीतरी वाजवा."

डॉक्टर काही बोलणार तोच बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. नोकरीत पहिल्यांदाच फाटक घंटा न वाजता उघडलं होतं.

आतल्या दाराशी पाटी होती: 'दोन्ही हात धुतल्याशिवाय आत येऊ नये.' मजकूर बाईंनी स्वतः लिहिलेला होता. त्या खाली मान घालून नळाशी गेल्या. साबणाच्या जागी कुणाचा तरी कंगवा होता. टोप्यांच्या खोक्यात टोप्या नव्हत्या, कांदे होते. बाईंचे कान लाल झाले.

"श्वास घे," डॉक्टर हळूच म्हणाले.

आत जे दिसलं ते पाहून मात्र डॉक्टरांचाच श्वास अडकला. भट्टीच्या गरम पाइपवर बनियन वाळत होतं. वजनकाट्यावर एक मांजर झोपलं होतं. काट्याच्या मते ते फॅमिली पॅकपेक्षा जरा जास्त भरत होतं. बिस्किटं सरकत जायच्या पट्ट्यावर केक ठेवला होता आणि तो पुढे जाऊ नये म्हणून दोघं जण त्याला धरून उभे होते. मधोमध मॅनेजर, डोक्यावर चमचमता कागदी मुकुट.

"या, या!" मॅनेजर ओरडले. मास्कशिवाय बाईंचा चेहरा तिथे कुणी कधी पाहिलाच नव्हता. "आधी काहीतरी जोरकस होऊन जाऊ द्या!"

बाईंनी मान आणखी खाली घातली.

"लाजतायत," पॅकिंगचा सुपरवायझर म्हणाला. "बाई, हात आतून कशाला? नवीन पद्धत आहे का?"

"फार अवघड पद्धत आहे," डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मांजराने डोळे उघडले, उठून आळस दिला आणि केक हुंगला. एवढ्यावर बाईंचा तोल सुटला.

"टोपी कुठे आहे?"

चेहरा कुणी ओळखला नव्हता, पण आवाज सगळ्यांनी ओळखला. सगळ्यांचे हात एकदम डोक्याकडे गेले. मॅनेजरांच्या हाताला मुकुट लागला, म्हणून त्यांना क्षणभर हायसं वाटलं.

"आणि ते बनियन कुणाचं?" बाईंनी संतापाने उजव्या हाताचं बोट रोखलं.

बोट रोखायला मूठ उघडावी लागते. मूठ उघडली, पिक आतच सुटली आणि हात लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला. खाली पडणारी गिटार डॉक्टरांनी झेलली.

"म्हणजे इतका वेळ तू ती पिक धरून ठेवली होतीस?" त्यांनी विचारलं.

"सापडलेली वस्तू मी सोडत नाही," बाई म्हणाल्या आणि कांद्याच्या खोक्याकडे वळल्या.

पुढे जे झालं ते मॅनेजर कधीच पूर्ण सांगत नाहीत. बनियन आपलं असल्याचं त्यांनी कबूल केलं. मुकुट काढायचं मात्र त्यांना भान राहिलं नाही, त्यामुळे सगळी बोलणी त्यांनी राजासारखी उभ्याने खाल्ली. जमिनी घासल्या गेल्या, मांजर हद्दपार झालं. बाई लॉजवर गेल्यावर सुपरवायझरने वाढदिवसासाठी ठरवलेल्या खऱ्या गिटारवाल्याच्या घरी घाईघाईने फोन केला आणि "येऊ नका" असा निरोप ठेवला.

गिटारवाला घरातून कधीच निघाला होता.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत बाईंनी नव्या गिटारच्या तारा लावल्या. नवरा घरी परतला होता, खाली दवाखाना नव्हता, हात मोकळा होता. त्यांनी डोळे मिटून पहिली तार छेडली, आणि स्वतःच दचकल्या. आवाज काही केल्या जुळेना. पुन्हा खुंट्या पिळल्या, पुन्हा छेडलं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. आपल्याला हे कधीच जमणार नाही, असं वाटून बाईंना रडू यायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर होते.

"मॅडम, तुमचे दुसरे साहेबही येऊन गेले."

"कोण दुसरे?"

"तेच, गिटारवाले. या वेळी आम्ही फसलो नाही. लांबून गिटार दिसली आणि रखवालदाराने घंटा दाबली. साहेबांचे हात धुवून घेतले, टोपी घातली, सगळा कारखाना दाखवला. फार सभ्य माणूस. प्रत्येक गोष्टीला 'वा' म्हणाले. बसायचं कुठे विचारलं, तर मी माझी खुर्ची दिली."

बाईंच्या सगळं लक्षात आलं. "मग काही चूक काढली का?" त्यांनी जपून विचारलं.

"एकच. तिसऱ्या मशीनपाशी कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, हे जरा बेसूर आहे. आम्ही उघडलं, तर मॅडम, आतल्या साखळीची कडी तुटायला आली होती! रात्रीत मशीन बंद पडलं असतं. काय कान आहेत! नुसत्या आवाजावरून ओळखलं."

बाईंनी मांडीवरच्या गिटारकडे पाहिलं.

"त्यांचा नंबर आहे तुमच्याकडे?"

"आहे ना, जाताना देऊन गेले. पण मॅडम, तुमच्याकडे नाही?" मॅनेजरांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे ते तुमच्याही वरचे आहेत?"

बाईंनी अंगठ्याने एक तार हलकेच छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"बरेच वरचे," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारून सांगा, माझी तपासणी कधी करतील."