टोकनांनी हॉल सर केला त्याची हकीकत

एक हिरवे टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर पाण्याचे सात ग्लास.

एक पितळी घंटा, शेजारच्या शाळेतून उसनी आणलेली.

एक दप्तर. आत भूगोलाचे पुस्तक, कंपासपेटी, रिकामा डबा, आणि एका मोज्यात गुंडाळलेली सुरी.

नियम चौथा: बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक रहिवाशास एक टोकन व तीन मिनिटे.

मेडिकलच्या दुकानाच्या पायऱ्या, त्यांवर पाच पोरे.

एवढा सरंजाम ध्यानी धरून ऐकणारांनी सावध बसावे, म्हणजे मोहिमेचा मजकूर उलगडेल.

हकीकत ऐसी जे, शहर थोर, रस्ते रुंद, दिवे बहुत, आणि मुले उदंड. ऐशा शहरी एका गुरुवारी सायंकाळी पावणेसात वाजता बसथांब्यावर चौदा वर्षांच्या एकाने सोळा वर्षांच्या दुसऱ्यास इअरफोनच्या तंट्यावरून सुरी मारली. घायाळाचा जीव वाचला, परंतु शहराची झोप उडाली. मग वर्तमानपत्रे उठली, टीव्हीवाले उठले, ज्यांस मुले होती ते उठले आणि ज्यांस नव्हती ते त्यांच्याही आधी उठले, आणि चोहोंकडून एकच हाकाटी जाहली की या पोरांचे करावे तरी काय. मग पालिकेने मसलत करून सात असामींची समिती नेमिली, आणि समितीस जनतेचे ऐकावयास ऐसपैस जागा पाहिजे, तो त्या भागात मोठी जागा एकच, पालिकेचा टेबल-टेनिस हॉल. मग पुढल्या सोमवारी समितीने हॉलावर चाल केली आणि एकही बार न काढता तो काबीज केला. टेबले सहा होती. तीन जोडून समितीचे एक लांब टेबल केले, तीन उभी करून भिंतीस लाविली, आणि रोज सहा ते आठ या वेळात जी चौतीस पोरे तेथे चेंडू बडवीत, त्यांस दाराबाहेर काढून, पोरांस रस्त्यापासून दूर कैसे ठेवावे या गहन विषयास हात घातला.

हॉलाच्या किल्ल्या ज्यांचे कमरेस त्या मावशी. वय अठ्ठावन्न, गुडघे बेइमान, आवाज खणखणीत. पोरे त्यांस मावशी म्हणत, पोरांचे बापही मावशीच म्हणत, परंतु खऱ्या मावशी त्या एकाच्याच. धाकट्या बहिणीचा मुलगा, वय पंधरा, अंगाने वाळका, सबब सारे त्यास काडी म्हणत. बहीण रुग्णालयात दुपारपाळीची नर्स, म्हणून शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत काडी मावशींचे ताब्यात.

समितीच्या दुसरे दिवशी मावशींनी डबा घासावयास म्हणून काडीचे दप्तर उघडिले आणि मोजा हाती लागला.

"हे काय रे?"

"कुठे काय?"

"मोज्यात."

काडी म्हणाला, "पलीकडच्या गल्लीतले पाच जण मेडिकलपाशी उभे असतात. रोज. सहापासून. आधी मी हॉलमध्ये असायचो, आठला तुझ्याबरोबर यायचो."

"मग घरी बस ना."

"घरी यायला तोच कोपरा लागतो, मावशी."

सुरी काढून घ्यावी तर पोरगा दुसरी आणील आणि अधिक नीट लपवील. पोलिसांत वर्दी द्यावी तर समितीत तेच चालले होते, की सुरी बाळगणाऱ्या पोरास मोठ्या माणसाचा कायदा लावावा. बहिणीस सांगावे तर ती पाळी सोडून धावत येईल आणि चार दिवसांनी पुन्हा पाळीला जाईल. मग मावशींनी मोजा होता तैसा गुंडाळिला आणि मनाशी निश्चय केला की सहा ते आठ हे दोन तास पोरगा पुन्हा या चार भिंतींआड आणावा, मग जगबुडी का होईना.

प्रथम त्यांनी अध्यक्षसाहेबांकडे अर्ज गुदरला. अध्यक्षसाहेबांनी तो वाचोन मान हलविली आणि उत्तर जाहले, "बाई, विषय किती गंभीर आहे! खेळाचं नंतर बघू."

आत दोन फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या. एकीकडे दुकानदार-संघाचे सरदार, ज्यांचा हुकूम असा की सात वाजल्यानंतर अठराच्या आतले कोणी रस्त्यावर दिसू नये आणि दिसल्यास बापास धरावे. दुसरीकडे मानसशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांपाशी बासष्ट तक्ते होते आणि प्रत्येक तक्त्यावर बाण होते आणि बाण फिरून निघाल्या जागीच येत होते. मध्येच एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले आणि शाळांतून छडी गेली याचा तीन मिनिटे शोक करून बसले. मग दोन्ही फौजांनी चहा घेतला. पोर कोठेच नव्हते. पोरे बाहेर कट्ट्यावर बसून आतले ऐकत होती आणि प्राध्यापकांची नक्कल करीत होती.

तिसरे दिवशी मावशी दाराशी उभ्या होत्या. दारावर समितीची नियमावली, जी त्यांनीच आपल्या हाताने डकविली होती. ती त्यांनी प्रथमच वाचली. नियम चौथा वर आलाच आहे. नियम पाचवा, टोकनधारकाने क्रमांक येईतो हॉलातच बसावे, तीन हाकांस हजर नसल्यास टोकन बाद. नियम सहावा, नवा मुद्दा असल्यास पुन्हा टोकन घेता येईल. नियम सातवा, सर्व टोकनधारकांचे ऐकल्याविना सुनावणी बंद करता येणार नाही. वयाचा उल्लेख कोठेही नव्हता. पोरांविषयीच्या सभेस पोरे येतील हे सात विद्वानांपैकी एकाच्याही ध्यानी आले नव्हते.

मावशींनी दोनदा वाचले. मग कट्ट्याकडे वळून हुकूम सोडिला, "उठा रे! रांगेत. टोकन घ्यायचं. आणि नाक पुस आधी तू."

चौथे दिवशी सहाच्या ठोक्यास चौतीस शिलेदार हातात टोकने धरोन आत शिरले आणि खुर्च्या व्यापोन बसले. दुकानदारांचे सरदार ताडकन उठले. "ही पोरं काय बोलणार इथे?" अध्यक्षसाहेबांनी नियमावली उलटी केली, सुलटी केली आणि खाली ठेविली. प्राध्यापकांनी आनंदे टाळी वाजविली, कारण त्यांनी एवढी पोरे एकत्र तक्त्याबाहेर पाहिली नव्हती.

पहिला क्रमांक एका जाड्याचा, ज्यास ढोल म्हणत. तो माईकपाशी गेला.

"साहेब, तुम्ही कोपर टेकलंय ना, ते दोन नंबरचं टेबल आहे. पाणी सांडू नका. फुगतं ते."

अध्यक्षसाहेबांनी ग्लास उचलिला, आणि ठेवावयास जागा नाही, सबब सभा संपेतो हातीच धरिला. मग एक डावखुरी मुलगी आली आणि म्हणाली, "तुम्ही रोज विचारता, पोरं सहा ते आठ कुठे असतात. बाहेर होतो. तुम्हीच काढलंत." मग एक जण तीन मिनिटे काहीच न बोलता उभा राहिला, आणि नियमाप्रमाणे तीन मिनिटांचे मौन इतिवृत्तात दाखल जाहले. एका संध्याकाळी वीसच क्रमांक होत, आणि बोलून जाहलेली पोरे नवा मुद्दा सुचला म्हणोन पुन्हा टोकन घेत. रांगेत मोठी माणसेही मधे घुसल्याने काडीचा क्रमांक सत्तेचाळीस. मावशी दाराशी स्टुलावर बसत आणि दर पाच मिनिटांनी त्याचे टाळके मोजीत.

सहावे दिवशी सातास घंटानवीसाने, म्हणजे टोकनांच्या कारकुनाने, पुकारिले, "सत्तेचाळीस!" खुर्ची रिकामी; माईकच्या धास्तीने काडी मागल्या दाराने घराकडे सटकला होता.

"लघवीला गेलाय, येतोच," ऐसी थाप ठोकून मावशी बाहेर पडल्या. मागून दुसरी हाक ऐकू आली. मग ते बेइमान गुडघे त्या दिवशी कैसे धावले हे त्या गुडघ्यांनाच ठाऊक. कोपऱ्यावर पाहतात तो पायऱ्यांवरून पाच जण उतरलेले, समोर काडी, आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत दप्तरात.

थांब म्हणावे तर हात बाहेर येईल. अरे म्हणावे तर पाचांस चेव चढेल. मावशी सर्व शक्तीनिशी ओरडल्या,

"काडी! नंबर लागलाय तुझा! दोन हाका झाल्या, तिसरीला बाद होशील!"

साऱ्यांनी माना वळविल्या. पाचांतला थोरला म्हणाला, "कसला नंबर?"

"बोलायचा. माईकवर. तीन मिनिटं. टीव्हीवाले येतात."

"कोणीपण बोलू शकतं?"

"इथे राहतोस ना?"

"मग काय चंद्रावर?"

"मग चल, टोकन घे. पण आधी याचं होऊ दे, याचा नंबर आधी आहे."

काडीचा हात बाहेर आला. रिकामा होता. "दप्तर दे इकडे," मावशी म्हणाल्या, "माईकपाशी हात मोकळे लागतात." आणि ते घेऊन त्या पुढे, मागे काडी, आणि काडीमागे पाच, ऐसी स्वारी हॉलाकडे चालली.

आत घंटानवीसाने, ज्याचे घरीही एक तेरा वर्षांचे होते, तिसरी हाक मारण्यापूर्वी चष्मा पुसला, मग चष्म्याची पेटी पुसली, मग घंटा पुसली. काडी पोहोचला. माईक त्याच्या हनुवटीखाली येत होता.

"मला भीती वाटते," काडी म्हणाला. "संध्याकाळी. इथे नाही वाटत."

मग तो माईक सोडून खुर्चीवर जाऊन बसला आणि घंटा जाहली. इतिवृत्तात नोंद पडली: क्रमांक सत्तेचाळीस, विषयाशी संबंधित नाही.

आठ वाजता काडीने विचारिले, "दप्तर?" मावशी म्हणाल्या, "सकाळी." सकाळी त्याने दप्तर उचलिले, वजन कमी जाहलेले हातास कळले, आणि तो शाळेस गेला.

पुढे त्या पाचांनी टोकने घेतली, आणि त्यांस मुद्दे फार सुचू लागले. थोरल्याने एकदा तीन मिनिटे फक्त सरदारांच्या दुकानातल्या उद्धट नोकराविषयी तक्रार केली. दहावे दिवशी टोकनांचा आकडा दीडशेपार गेला, सरदारांस दुकान सोडून रोज यावे लागे, प्राध्यापकांचे तक्ते संपले, आणि अध्यक्षसाहेबांस ग्लास धरोन मनगट दुखू लागले. मग अकरावे दिवशी तह जाहला. समितीने ध्वनिव्यवस्थेची अडचण असे कारण दाखवून पालिकेच्या गालिचावाल्या सभागृहाकडे कूच करावे, जेथे ओळखपत्रावाचून प्रवेश नाही. पोरांनी टोकने परत करावी. हॉल मावशींस द्यावा. पोरांचे करावे काय हा सवाल सभागृहाबरोबर गेला आणि तेथे सुखरूप आहे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल करण्यात येते. मोहीम दिवस अकरा, शनिवार-रविवार वगळून. बारावे दिवशी, मंगळवारी, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी टेबल क्रमांक दोनवर जाळी चढली. आपल्या बाजूस जखमी एक, तेच टेबल, कोपऱ्यात चार बोटे फुगलेले. हजर शिलेदार एकोणचाळीस, पैकी पाच नवे, आणि त्यांतला थोरला व काडी यांजमध्ये चेंडू कडेस लागला की नाही यावरून कडाक्याचे भांडण, जे मावशींनी दोघांस एकाच बाजूस घालून मिटविले.

ज्या गुरुवारी बसथांब्यावर सुरी चालली, त्या गुरुवारी हॉल बंद होता. मावशींना दाढ काढायला जायचे होते.