फिल्टरचं कालवण

दिपेशच्या नागावच्या घरापासून समुद्र तीनशे पावलांवर होता, तरी त्याला समुद्र पडवीत हवा होता. म्हणून त्याने खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली, तीत सहा रंगीत मासे सोडले आणि पाणी साफ ठेवायला कोणता फिल्टर घ्यावा, हे पनवेलचा दुकानदार धनेश याला विचारलं. धनेशने तीन प्रकार सांगितले. टाकीच्या पाठीला लटकणारा, खालच्या कपाटात बसणारा आणि पाण्यातली घाण फेसावर चढवून बाहेर काढणारा. दिपेशने तिसरा घेतला, कारण पहिले दोन त्याला समजले होते.

हा फिल्टर कामाला चोख होता. फक्त त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाने गुळण्या कराव्यात तसा यायचा, आणि दिपेशचे वडील दयाराम दुपारी नेमके पडवीत आडवे व्हायचे. झोपण्याआधी ते न चुकता बटण बंद करत आणि उठल्यावर चालू करायचं न चुकता विसरत. पंधरवड्यात पाणी पेजेसारखं झालं आणि चार मासे गेले.

दिपेशची बायको प्राप्ती शांतपणे म्हणाली, "उरलेले दोन गेले की टाकी माझी. कडवे वाल भरून ठेवते. बाहेरून दिसतील तरी किती उरलेत ते."

"आणि एवढा महागाचा फिल्टर?"

"वालाला फिल्टर लागत नाही."

दिपेशने पुन्हा धनेशला फोन लावला. आवाज न करणारा, वीज न खाणारा आणि बाबांना बंद करता न येणारा फिल्टर त्याला हवा होता. धनेश म्हणाला, असं असेल तर खडकाला चिकटलेली शिंपल्यातली कालवंच ठेवा, एकेक कालव दिवसभर पाणी गाळत बसतं.

ओहोटीला जाऊन दिपेशने कालवांनी लगडलेले चार दगड आणले. तिसऱ्या दिवशी टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. आपला फिल्टर जिवंत आहे, असं तो येईल त्याला सांगू लागला. दयाराम निवांत घोरू लागले. प्राप्तीने वालाचा डबा मात्र टाकीशेजारून हलवला नाही.

रविवारी मुरुडहून मनुबाई आत्या आली. दिपेश माशांचं खाणं आणायला अलिबागला गेला होता, प्राप्ती वरच्या भाड्याच्या खोल्यांत पाहुण्यांच्या चादरी बदलत होती आणि दयाराम झोपले होते. आत्याची नजर टाकीवर गेली. आपण येणार म्हणून भाच्याने कालवं खाऱ्या पाण्यात ताजी ठेवली, हे पाहून तिला भरून आलं. तिने कोयती शोधली.

दुपारी दिपेश भुकेलेला परतला. सगळे जेवले, दयाराम पुन्हा आडवे झाले, तरी दिपेश पानावरून उठेना. तिसऱ्यांदा भात घेताना त्याने विचारलं, "आत्या, कालवं कुठनं आणलीस गं? चव वेगळीच लागते."

"तूच ठेवलीस ना काचंच्या टाकीत. एवढं कोन करतो रं आत्यासाठी?"

दिपेशचा घास हातातच राहिला. "आत्या, तो फिल्टर होता."

"व्हय? मग चांगल्या जातीचा होता," असं म्हणून आत्याने त्याला आणखी वाढलं.

तो पडवीत धावला. टाकीत चार बोडके दगड होते आणि मासा एकही नव्हता. मागोमाग प्राप्ती आली, तिने वालाचा डबा उचललासुद्धा.

"ती दोन पोरं मोरीवरच्या पातेल्यात हायत," आत्या आतून म्हणाली. "हात घालताना सारखी मधे येत व्हती. त्यांच्याच पान्यात ठेवलीत. एवढुशांचं काय करायचं? मोठी व्हऊ देत."

दिपेशने मासे टाकीत परत सोडले. दोन दिवसांत पाणी पुन्हा पेजेवर येणार, हे त्याला ठाऊक होतं आणि प्राप्तीलाही. तिने डबा टाकीच्या काठावर टेकवला, उजव्या हाताचं एक बोट हळूच चाटलं आणि विचारलं, "हा फिल्टर किती दिवसांनी बदलायचा असतो?"

"बदलायचा कशाला? जिवंत असतो तो."

"तरी दर रविवारी बदलत जाऊ," असं म्हणत ती डबा घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. "उद्या ओहोटी कधी आहे ते बाबांना विचारून ठेवा."

दयाराम डोळे मिटूनच म्हणाले, "सकाली साडेनवाला. आनि दगड या वक्ताला सहा आन. आज फिल्टर पुरला न्हाय."