भाडेकरूसकट घर

घर विकत घ्यायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडे भरपूर आहे, असं गेल्या महिन्यापर्यंत माझं ठाम मत होतं. शाळांना बाकं पुरवणाऱ्या कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. एक पेटी खिळे घ्यायचे तरी तीन ठिकाणचे भाव मागवतो, एखादा खिळा वाकवून बघतो. अशा माणसाला कोण फसवणार?

तर मी ठरवलं, दुसऱ्या राज्यात एक फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा. आमच्या शहरात घरांचे भाव नुसते विचारले तरी घाम फुटतो. तिकडे निम्म्या किमतीत काम होत होतं. भाड्यातून कर्जाचा हप्ता परस्पर जाणार, हप्ते संपले की फ्लॅट आपला. आपण नुसतं बसून राहायचं! बसून राहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

कर्जाचं तर मी फारच हुशारीने जमवलं होतं. परराज्यातल्या घरावर कर्ज मागितलं की बँक शंभर शंका काढते. कागद आणा, आमचा वकील बघेल, आमचा माणूस जाऊन येईल. त्यापेक्षा आपलं राहतं घर तारण ठेवलं, तर त्या पैशाचं आपण काय करतो ते कोण विचारतंय? घर माझ्या एकट्याच्या नावावर होतं आणि त्याचे हप्ते नुकतेच फिटले होते. फिटले त्या दिवशी बायकोने उगाचच सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली होती. आईला तर भरून आलं होतं. म्हणून तारणाचं दोघींना सांगितलं नाही. आधी फ्लॅट, मग भाडं, मग बातमी, असा क्रम मी लावून ठेवला होता.

एजंट फोनवरच मिळाला. अत्यंत गोड माणूस. त्याने व्हिडिओवर खोल्या दाखवल्या, बाल्कनी दाखवली, समोरचं झाड दाखवलं. एवढ्या लांब येऊन तुम्ही उगाच प्रवासखर्च कशाला करता, असं तो कळवळून म्हणाला. माझ्या खर्चाची इतकी काळजी करणारा विक्रेता मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. शिवाय घर भाडेकरूसकट होतं! भाडेकरू शोधायची कटकटच नको. त्याने भाडेकरूला माझा नंबरही देऊन टाकला.

दुसऱ्याच दिवशी भाडेकरूचा फोन आला. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंही एका तिसऱ्याच भाषेत धडपडत होतो. पण पहिला शब्द मला स्वच्छ कळला. तो मला 'मालक' म्हणाला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कारखान्यात मला 'अहो खिळे' अशी हाक मारतात.

त्याचं म्हणणं होतं की स्वयंपाकघरातला नळ गळतोय. कागद व्हायचे होते हे खरं, पण माणसाने मालकासारखं वागायला कधीतरी सुरुवात करावीच लागते. एजंटला सांगून मी त्याच संध्याकाळी प्लंबर पाठवला, पैसेही मीच दिले. मग पंखा झाला. मग बाल्कनीच्या दाराची कडी झाली. प्रत्येक फोन मी गच्चीवर जाऊन घ्यायचो. "काळजी करू नका, माणूस येऊन जाईल," असं हलक्या आवाजात सांगायचो आणि जिना उतरताना छाती जरा पुढे काढायचो.

घराची किंमत ठरवायला बँकेचा इंजिनिअर शनिवारी येणार होता. शनिवारी बायको आणि आई मावशीकडे जाणार, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. इंजिनिअर गुरुवारी आला. मी कारखान्यात खिळे वाकवत होतो!

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. एक अनोळखी माणूस मोजपट्टी घेऊन दारात उभा राहिला. साहेबांचं घर बघायला आलोय, म्हणाला. त्याने हॉल मोजला, फोटो काढले आणि बायकोला विचारलं की या भागात सध्या भाव काय चाललाय. बायकोने मनातल्या मनात सगळं जुळवलं. नवरा रोज गच्चीवर जाऊन कुणाशी तरी कुजबुजतोय. पंखा, कडी, दार असले शब्द कानावर पडतायत. आणि आता हा मोजपट्टीवाला. म्हणजे नवऱ्याने घर विकायला काढलंय!

तिने स्वयंपाकघरात जाऊन आईला गाठलं. एरवी भाजीत मीठ किती घालायचं यावरही दोघींचं एकमत होत नाही. त्या दिवशी एका मिनिटात झालं. रडायचं नाही, भांडायचं नाही, गिऱ्हाईक पळवून लावायचं.

बायकोने त्याला प्यायला पाणी दिलं आणि घर दाखवायला घेतलं. कपाट ओढून त्यामागची ओल दाखवली. पलंगाखालची फुटकी फरशी दाखवली. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते उलटं उंबऱ्याकडे कसं येतं, याचं प्रात्यक्षिक दिलं. आई मागोमाग होतीच. आपण या भिंतीवर खिळा ठोकला की शेजाऱ्यांचं घड्याळ पडतं, ही माहिती तिने पुरवली. शेवटी तिने खिडकी जरा हलवून दाखवली, तर ती हातात आली. हे मात्र ठरलेलं नव्हतं.

इंजिनिअर प्रामाणिक होता. त्याने सगळं लिहून घेतलं. घरी दोघींनी मला अवाक्षर विचारलं नाही. गिऱ्हाईक फिरकलं नाही की प्रकरण आपोआप मिटेल, असा त्यांचा अंदाज. मी आपला त्यांचे खुललेले चेहरे बघून समजत होतो की ग्रह अनुकूल आहेत.

शनिवारी दिवसभर वाट बघूनही इंजिनिअर आला नाही, म्हणून सोमवारी बँकेत गेलो तर अधिकारी गंभीर. हे घर आम्हाला तारण म्हणून चालणार नाही, त्याने सांगितलं. मी वाद घालायला लागलो तेव्हा त्याने फोटोच पुढे केले. एका फोटोत ओलीच्या डागाशेजारी माझी बायको उभी होती, डागाकडे बोट दाखवत, प्रसन्न हसत. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती इतकी हसलेली नाही.

मी बँकेच्या पायरीवर येऊन बसलो. एजंटला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून आधी भाडेकरूला फोन लावला.

"मी काही आता तुमचा मालक होत नाही. कर्ज मिळालं नाही."

"अरेरे," तो म्हणाला. "या वर्षातले तुम्ही चौथे."

"चौथे काय?"

"मालक. एजंट व्हिडिओ काढतो, नंबर देतो, म्हणतो काही असलं तर यांना सांगा. पैसे पोचले की तो नंबर बदलतो. खऱ्या मालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांना घर विकायचंच नाहीये."

हे आधी का नाही सांगितलंत, असं मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही नळाचंच विचारत होता हो. आणि आधीच्या तिघांनी माझा फोनही उचलला नव्हता. तुमच्याइतका चांगला मालक मला मिळाला नाही. मालकीणबाईसुद्धा म्हणतात."

फोन ठेवला आणि मग हळूहळू उजेड पडला. कर्ज मंजूर झालं असतं तर पैसे त्या गोड माणसाच्या घशात गेले असते, आणि मागोमाग आमचं घर. ओल असलेलं, फुटक्या फरशीचं, पण आमचं! माझा जीव असा भांड्यात पडला की मी पायरीवर एकटाच हसत सुटलो. बँकेच्या रखवालदाराने घाबरून मला पाणी आणून दिलं.

घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. तारण, एजंट, भाडेकरू, सगळं. आई डोळे पुसत बसली. बायकोने भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे घर राहिलं."

"राहिलं," मी म्हणालो. "तुम्हा दोघींमुळे राहिलं."

"त्या माणसाचा नळ कधी दुरुस्त झाला म्हणालात?"

"त्याच संध्याकाळी."

"आणि पंखा?"

"दुसऱ्या दिवशी."

तिने आईकडे बघितलं, आईने तिच्याकडे. मग ती आत गेली आणि थोड्या नोटा आणून माझ्या हातावर ठेवल्या.

"हे घ्या या महिन्याचं भाडं. आजपासून आई आणि मी तुमच्या भाडेकरू. खिडकी उद्या संध्याकाळपर्यंत बसली पाहिजे. ओलीचं मग बोलू."

मी निमूटपणे मान डोलावली. नोटा मात्र ओळखीच्या वाटल्या. आत जाऊन पाकीट उघडून बघितलं. भाडं त्यातूनच दिलं होतं.