खुर्ची कर्र वाजली की बाजार वळतो

मी एवढंच ठरवलं होतं, की ह्यांच्या धंद्यात थोडं लक्ष घालायचं. थोडं म्हणजे अगदी चिमूटभर. (चिमूटभर म्हणून मी आजवर जे जे घातलं, ते सगळं खारट झालं आहे, हे तेव्हाच आठवायला हवं होतं.)

आमचे हे तीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात होते. काटे तपासायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे. कारखाना बंद पडला आणि हे घरी आले. पहिले तीन महिने पलंगावर बसून भिंतीकडे बघायचे. दाढी वाढली. मी विचारायची, "अहो, आज भाजी कुठली करू?" तर म्हणायचे, "काहीही." नवऱ्याने भाजीला 'काहीही' म्हणणं हे किती वाईट लक्षण आहे, ते बायकांनाच कळेल.

मग लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि ह्यांना शेअर बाजाराचा नाद लागला. त्यातही इंडेक्सचे ऑप्शन. म्हणजे सगळा बाजार मिळून आज वर जाणार की खाली, यावर सकाळी पैसे लावायचे आणि बाजार उठायच्या आत मोकळं व्हायचं. लेक बँकेत कामाला. तिने बाबांना ठरावीक रक्कम दिली आणि बजावलं, "हे संपलं की खेळ संपला. आणि फ्युचरचं नाव काढायचं नाही, त्यात माणूस बुडतो." तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, की आमच्या ह्यांना फ्युचर नाही, फक्त ऑप्शन आहेत. (शेजारची शिवणवाली हे ऐकून दोन दिवस माझ्याशी फार मायेने वागत होती.)

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बाजार सव्वानऊला उघडतो म्हणून हे साडेआठला दाढी करायला लागले. मला एवढं पुरेसं होतं.

सहा महिन्यांत रक्कम निम्मी झाली. लेक म्हणाली, "बाबा, या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी येते. तोवर दिली होती तेवढी भरून निघाली नाही, तर खातं बंद." हे म्हणाले, "बंद तर बंद." त्या रात्री मी भाजीचं विचारलं.

"काहीही," हे म्हणाले.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी हात पुसत त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "अहो, मलाही शिकवा ना."

ह्यांचा चेहरा असा उजळला, की मी हे आधी का विचारलं नाही असं वाटलं. "हे बघ," ते म्हणाले, "या उभ्या रेघा म्हणजे मेणबत्त्या. हिरवी चढती, लाल पडती. बाजार चढेल वाटलं तर कॉल घ्यायचा. पडेल वाटलं तर पुट."

"कोणाचा कॉल?"

"कोणाचा नाही. नुसता कॉल."

"मग बोलायचं कोणाशी?"

"अगं, बोलायचं नसतं! घ्यायचा आणि विकायचा." त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "खरी गंमत वळण ओळखण्यात आहे. बाजार पडतो, पडतो, मग दमतो. तिथे अशी हातोड्यासारखी मेणबत्ती येते. बारीक डोकं, लांब दांडा. ती दिसली की समजायचं, आता वळणार. दिसतोय हातोडा?"

मला ती झाडणी दिसत होती. पण मी "हो हो" म्हटलं.

"वळण, वळणच मिळत नाही मला!" हे एकदम मोठ्याने म्हणाले. "आजवर एकदाही वळण नाही!"

बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. तिथूनच त्या गरजल्या, "वळण नाही? माझ्या पोटी जन्मून वळण नाही म्हणतोस? चार मुलांना वळण लावलंय मी, एकाने कधी ताटात टाकलं नाही!"

"आई, बाजाराचं वळण!"

"तेच! घरी वळण नसलं की माणूस बाजारात जाऊन बसतो!"

तर ते असो. मला हातोडा काही दिसला नाही, पण आठवडाभरात दुसरंच काहीतरी दिसलं. दिसलं म्हणजे ऐकू आलं.

ह्यांची खुर्ची कारखान्यातून आणलेली, लोखंडी. हे कॉल घेऊन बसले आणि बाजार पडत गेला, की तास-दीड तास गच्च बसून राहतात. मग धीर सुटतो. "जाऊ दे, विकून टाकतो," म्हणत विकतात आणि उठतात. उठले की खुर्ची वाजते, कर्र. मला वाईट वाटतं, म्हणून मी चहा नेऊन देते. आणि चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत बाजार वळतो आणि सरसर वर जातो! मग हे कपाळाला हात लावून चहा गार करतात.

मी वाणसामानाच्या यादीची वही उलटी करून मागून लिहायला सुरुवात केली. वार, वेळ, कर्र, वळला. तेरापैकी अकरा वेळा! दूध उतू जायच्या आधी कडेला थरथरतं ना, तसा ह्यांचा धीर सुटला की बाजार वळतो. एवढी मोठमोठी माणसं त्या मेणबत्त्या बघत बसतात आणि वळणाची खूण माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होती.

आता हे सांगायचं कसं? 'अहो, तुम्ही चुकलात की बाजार सुधारतो' असं कुठल्या नवऱ्याच्या तोंडावर म्हणता येतं? म्हणून मी गप्प राहिले आणि मनाशी बेत केला. शेवटच्या दिवशी खुर्ची वाजायच्या बेतात आली, की आत घुसायचं आणि ओरडायचं, "विकू नका!"

शेवटचा दिवस उजाडला. ह्यांनी दाढी केली आणि पांढरा शर्ट माझ्या हातात दिला. "एवढी इस्त्री करून ठेव. संध्याकाळी लेकीपुढे बसायचंय. निकाल काय लागायचा तो लागो, माणूस नीट दिसला पाहिजे."

मी "हं" म्हटलं आणि पाठ फिरवली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

हे आत गेले, राहिलेली सगळी पुंजी एका कॉलवर लावली आणि बसले. बाजार पडायला लागला. मला खुर्चीवर कान ठेवायचा होता, म्हणून मी इस्त्री त्यांच्या खोलीबाहेरच्या बोळातच मांडली. तिथल्या फळीवर प्लगला जागा नव्हती. एक काळा प्लग नुसता लावून ठेवलेला दिसला. मोबाइलचा असेल म्हणून मी तो काढला आणि इस्त्री लावली.

शर्ट झाला. खुर्ची गप्प. मी इस्त्री बंद करून दाराला कान लावून उभी राहिले. अकरा वाजले. सव्वाअकरा. खुर्ची हूं की चूं करेना. मी फटीतून बघितलं. हे पुतळ्यासारखे बसले होते, आणि मधूनमधून चोरून दाराकडे बघत होते.

"सूनबाई, आज चहा नाही का?" बाहेरून आवाज आला.

"थांबा हो, बाजार वळायचाय!" मी कुजबुजले.

"काय जाळायचंय?"

"वळायचाय!"

आतून हे म्हणाले, "अगं, ये आत. बघ काय झालंय." मी गेले. पडद्यावरची रेघ एकदम आडवी झाली होती. वर नाही, खाली नाही, दोरी ताणून बांधावी तशी. "एवढ्या वर्षांत... म्हणजे सहा महिन्यांत असं पाहिलं नाही," हे म्हणाले. "बाजार दबा धरून बसलाय. हाच तळ. आता इथून उसळी."

मलाही ते खूप गंभीर वाटलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी त्या आडव्या रेघेकडे बघत बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात ह्यांनी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, 'धीर धरा'. मी धरला. ह्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर इतका वेळ हात धरून बसल्याचं मला तरी आठवत नाही.

पाऊण तासाने सासूबाई दारात आल्या, हातात मोबाइल. "अरे, माझ्या मालिकेतली सासू कधीची तोंड उघडून उभीच आहे. वर नुसतं गोल चक्र फिरतंय."

हे मालिकेतल्या सासूकडे बघत राहिले. मग आडव्या रेघेकडे. मग त्यांनी सावकाश 'धीर धरा' चिठ्ठी उचलली. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'संपर्क तुटला आहे'.

"बोळातला इंटरनेटचा काळा प्लग," हे म्हणाले, "कोणी काढला?"

माझी बोबडीच वळली. (त्या दिवशी घरात आधी वळली ती तीच.)

मी पळत जाऊन प्लग लावला. परत आले तर हे डोळे मिटून बसले होते. "तू बघ," म्हणाले, "मला नाही बघवत."

मी बघितलं. लालच लाल मेणबत्त्या. बाजार खोल खोल गेला होता. आणि अगदी तळाला एक बारीक डोक्याची, लांब दांड्याची झाडणी.

"अहो," मी म्हटलं, "झाडणी!"

ह्यांनी डोळे उघडले. झाडणीच्या पुढे हिरव्या मेणबत्त्या चढत चढत सकाळच्याही वर गेल्या होत्या. ह्यांनी कॉल विकला. आकडा बघितला. लेकीने दिली होती तेवढी, आणि वर थोडी. मग हे उठले. कर्र.

संध्याकाळी लेक आली. हे इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. आकडा बघून ती खूश झाली, पण बँकेतली मुलगी, म्हणाली, "बाबा, वळण ओळखलं कसं?"

हे जरा चाचरले, मग खणातून एक डायरी काढली. "आता लपवून काय उपयोग? मी नोंद ठेवली आहे. तुझी आई चहा घेऊन आली की बाजार वळतो. तेरापैकी अकरा वेळा. आज ठरवलं होतं, चहा येईपर्यंत विकायचंच नाही. पण चहा आलाच नाही!"

मी माझी वही त्यांच्यासमोर ठेवली.

लेकीने दोन्ही वाचल्या. "म्हणजे आई, बाबा कधी उठतात म्हणून तू कान लावून उभी. आणि बाबा, आई कधी येते म्हणून तुम्ही दाराकडे बघत बसलेले. मग बाजाराकडे कोण बघत होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "कोणी नाही! म्हणूनच वळला बिचारा."

लेक खूप वेळ हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अजून एक महिना. पण आई, तू आत बसायचं, बाबांच्या शेजारी. दाराबाहेर नाही." मी विचारलं, "अहो, भाजी कुठली करू?" हे म्हणाले, "भरली वांगी. आणि मसाला जरा सढळ हाताने."

इथे मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला इतका आनंद झाला होता, की ह्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. मी शिवणवालीकडून तिच्या मशीनचं तेल मागून आणलं आणि हे दाढी करत होते तोवर खुर्चीच्या सगळ्या सांध्यांना प्रेमाने घातलं. मग दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेले, ती तिथेच रमले. (आत बसायचं होतं, ते विसरले.)

साडेअकराला सहज खोलीत डोकावले, तर हे खिडकीशी उभे.

"अहो, उठलात कधी?"

"पंचवीस मिनिटं झाली. विकलं, उठलो. चहा आला की परत कॉल घ्यायचा, म्हणून वाट बघतोय."

"पण खुर्ची वाजली नाही!"

ह्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे, तेलाचे डाग होते तिथे. आमच्या मागे पडद्यावर बाजार कधीचाच वळून छपराला टेकला होता.

सासूबाईंनी सगळा प्रकार समजून घेतला, दोनदा विचारून. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे गं. तीस वर्षं तुला वळण लावतेय मी, तुझं तुला कळलं नाही. बाजाराचं काय कळणार? जा, चहा टाक."