रामजीतात्यांचं जव्हार

मिठाच्या कोठारासमोरून जाताना रामजीतात्या डोक्यावरचं पागोटं काढून काखेत धरायचे. आमच्याकडे असा बोडक्या डोक्याने हिंडतो तो सुतकातला माणूस. त्यामुळे जव्हारात नवा आलेला जो तो तात्यांना विचारायचा, कोण गेलं? तात्या म्हणायचे, "गेलं कुणी नाय. देवळात डोकं उघडं ठेवतात." मग तो कोठाराकडे बघायचा, तात्यांकडे बघायचा आणि पुढे जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारायचा, यांचं काय?

यांचं काय, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मी मोखाड्याकडच्या पाड्यावरचा. बापाने जन्मभर नाचणी लावली, मी बी.ए. झालो. आमच्या कुळात अंगठा न उठवता सही करणारा मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. संस्थानच्या कचेरीत मला नोकरी लागली तेव्हापासून तात्यांनी माझं नाव टाकून दिलं. रस्त्यात दिसलो की, "काय बीए, जेवलास?"

तात्या तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत कापड विणत होते. परत आले ते जुन्या इमारतींचं वेड घेऊन. रोज संध्याकाळी गावभर फिरायचे आणि भेटेल त्याला भिंती दाखवायचे. गावात पक्कं ठरलेलं होतं, की जव्हारची जुनी माहिती हवी तर तात्यांकडे जावं. ऐकायला मात्र कुणी थांबत नसे.

अशात राजेसाहेबांची मोटार आली आणि रस्ता तिला अरुंद पडू लागला. कारभाऱ्यांनी मला बोलावून सांगितलं, की गावातल्या जुन्या वास्तूंची यादी करा, इतिहासासकट. यादीत येईल ते राहील, बाकीचं पाडू. मी तडक तात्यांना गाठलं.

दोन दिवस ते पुढे आणि मी कागद घेऊन मागे. या चौथऱ्यावर विणकर जमून सरकारला शिव्या द्यायचे. या बुरुजावर चार तोंडांचं घड्याळ होतं आणि चारही तोंडं वेगवेगळी वेळ सांगायची. या विहिरीचं पाणी थंडीत इतकं घट्ट व्हायचं, की बाया कुऱ्हाड घेऊन पाण्याला जायच्या. जव्हारला एवढे विणकर कधी होते, असं मी मध्येच विचारलं. "तू लिव्ह," तात्या म्हणाले, "बीए झालास ना?" मी लिहिलं. शिरपामाळावर मात्र काहीच सांगेनात. म्हणाले, "इथं शिवाजी महाराज थांबले होते. इथं दुसऱ्याचं काय ठेवायचं नाय." ठेवायचं म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. पण मी तेही तसंच लिहून घेतलं.

कारभाऱ्यांनी यादी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग शांतपणे म्हणाले, "हे कुठलं संस्थान हो?" सगळी कचेरी हसली. परवापर्यंत नीट करून आणा, म्हणाले.

मी तणतणत तात्यांच्या घरी गेलो. त्यांना काडीची लाज नव्हती. एकही गोष्ट खोटी नाही म्हणाले. गिरणीतला विणाईचा साहेब स्कॉटलंडचा होता, त्याचं गाव विणकरांचं. जेवणाच्या सुट्टीत तो मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत तात्यांना त्या गावाच्या गोष्टी सांगायचा. पुढे तो मुंबईतच तापाने गेला. तात्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून त्यांनी ते सगळं गाव आणून जव्हारच्या एकेका इमारतीत ठेवून दिलं होतं. मिठाचं कोठार म्हणजे साहेबाच्या गावचं देऊळ.

"पण का?" मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला नाचणीची भाकर खायला घातली.

मी सगळं खोडून नवी यादी करायला बसलो. दुसऱ्या दिवशी तात्या कचेरीत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. बाकी सगळं पाड म्हणाले, फक्त जुनं जकातनाकं ठेव. त्या नाक्याचं छप्पर बसलेलं, दाराला कुलूप, आणि ते बरोबर रस्त्याच्या मधे. मी म्हणालो, तात्या, मला खोटं लिहिता येत नाही.

"ती साहेबाच्या आईची झोपडी," तात्या म्हणाले. "आमच्या गंगूच्या आयला विलायत बघायची होती. मी कुठनं नेणार? आजारी पडली तवा रोज तिला धरून एकेक जागा दाखवली. नाक्यापाशी आलो तर ओट्यावर बसली. म्हणाली, आतून दाखवा. मी म्हणालो, उद्या किल्ली मागून आणतो."

गंगू ही तात्यांची लेक; तिची आई त्याच आजारात गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. किल्ली कचेरीतच खिळ्याला होती. ती घेतली आणि दोघं निघालो. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना, मला दगड मारावा लागला. आत वाळवीने खाल्लेला एक खांब आणि वटवाघळांचा वास. मला दुसरं काही दिसलं नाही.

तात्या उंबऱ्यात उभे राहिले. डावा हात त्यांनी जरा बाजूला काढून धरला होता, कुणाच्या कोपराला आधार द्यावा तसा.

"हा माग," ते हळू म्हणाले. "खालची जमीन मुद्दाम ओली ठेवतात, सूत तुटू नये म्हणून. पाय जपून टाक. तिथं म्हातारी बसते. खिडकी खाली हाय, उजेड सुतावर पडाया पायजे ना."

बराच वेळ ते दाखवत राहिले. मग दार त्यांनीच ओढून घेतलं.

"आता पाडलं तरी चालंल, बीए," म्हणाले आणि घराकडे गेले.

कचेरीत येऊन मी यादी पुढे ओढली. नाक्याचं नाव लिहिलं. इतिहासाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं काय ते मला कळत नव्हतं. कारभाऱ्यांचा शिपाई यादी न्यायला आला, तेव्हाही मी टाक शाईत बुडवून तसाच बसलो होतो.