कॉइल जागच्या जागी

सासऱ्यांची गाडी मिसिंग करायला, म्हणजे चालता चालता अडखळायला लागली, तेव्हा धाकट्या जावयाला मनातून आनंदच झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये एवढा सुसंस्कृतपणा त्याच्याकडे होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं. आता ती दोघांपैकी एका जावयाला जायची होती, आणि कोणाला, हे सासऱ्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "जो तिची काळजी घेईल, त्याची."

थोरला जावई, म्हणजे याचा साडू, काळजी घ्यायची तर गॅरेजवाल्याला फोन करणारा. यानं ठरवलं, आपण स्वतःच्या हातानं दुरुस्त करायची. हात विमा कंपनीतल्या कारकुनाचे होते. पण हल्ली मोबाइलवर बघून माणूस काहीही करू शकतो, निदान सुरू तरी करू शकतो. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, की बाथरूममधला नळ अजून का गळतोय.

मित्राकडून स्कॅनर आणला, गाडीला जोडला. स्कॅनर म्हणाला, दोन नंबरचा सिलिंडर पेटत नाही. म्हणजे चार भाऊ एका ओझ्याला खांदा देताहेत, त्यातला दुसरा मधूनच दांडी मारतो आणि बाकीचे तिघं धापा टाकतात. यावर मोबाइलमधल्या गुरुजींचा उपाय सोपा होता. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल असते, ती ठिणगी पाडते. दोनवरची कॉइल तीनवर लावा, तीनवरची दोनवर. आता तीन नंबर दांडी मारू लागला, तर कॉइल खराब. दोनच मारत राहिला, तर कॉइल निर्दोष, चोर दुसरा.

सासरे खुर्ची टाकून बघत बसले. ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर पुस्तकं सुटली, शिस्त सुटली नाही. स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लागले होते, आणि सासूबाईंना साखर हवी असली की पार खालच्या फळीपर्यंत वाकावं लागे.

जावयानं दहाच्या पान्यानं चारही कॉइली काढल्या, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या आणि चहाला आत गेला. परत येऊन त्यानं दुसरी आणि तिसरी यांची अदलाबदल केली. आता त्याच ओळीनं बसवायच्या. बघतो तर पाना गायब. बॉनेटवर नाही, खिशात नाही, गाडीखाली नाही. घरात बराच वेळ शोधल्यावर बायकोनं तो कपाटातून काढून दिला. पाना पान्यांच्या खणात, नऊ आणि अकराच्या मध्ये पहुडला होता.

कॉइली बसवल्या, इंजिन चालू केलं. स्कॅनर म्हणाला, दोन.

म्हणजे कॉइल निर्दोष. मग नवे प्लग आणून घातले. त्यासाठी कॉइली पुन्हा काढाव्या लागल्या, म्हणून खात्रीसाठी पुन्हा अदलाबदल केली. पाना पुन्हा गायब, पुन्हा कपाटात. स्कॅनर म्हणाला, दोन. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून आणले. पाना, कपाट, दोन. त्या दोनच्या आकड्यात त्याला आता साडूची मान वळवून बसायची ढब दिसू लागली.

संध्याकाळी जेवताना त्यानं पराभव मान्य केला. इंजिनच उघडावं लागेल, म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे फाटकं पुस्तक परत करायला आलेल्या वाचकासारखं पाहिलं आणि साडूला फोन लावला. साडू म्हणाला, उद्या सकाळीच येऊन घेऊन जातो, माझा गॅरेजवाला बघेल.

फोन ठेवून सासरे मायेनं म्हणाले, "जावईबापू, मेहनत तुम्ही केलीत. रागावू नका, पण तुमच्यात एक दोष आहे. वस्तू जागच्या जागी ठेवत नाही तुम्ही."

"पाना ना, बाबा? चुकलंच माझं."

"पान्याचं सोडा. त्या कॉइली. दर वेळी दोन नंबर तीनच्या जागी. तुम्ही पाना शोधायला आत गेलात की मी गुपचूप नीट लावून ठेवायचो."

घास हातातच राहिला. "पण तुम्हाला कळायचं कसं? चारही सारख्याच दिसतात."

"तुम्ही पहिल्यांदा चहाला गेलात ना, तेव्हाच नंबर घातले मी. पांढऱ्या शाईत, खालच्या रबरावर, बारीक. वर घातले तर शोभा जाते."

बायकोला ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत गेली. पाणी पिण्याचा आवाज काही आला नाही. जावयानं राग घासाबरोबर गिळला, कारण गाडी अजून सासऱ्यांची होती.

ताटावरून उठून तो तडक गाडीकडे गेला. या खेपेला पाना त्यानं दातांत धरला. अदलाबदल केली, इंजिन चालू केलं. स्कॅनर म्हणाला, तीन. पाना दातांत असल्यामुळे त्याला ओरडता आलं नाही. दुकान बंद व्हायच्या आत त्यानं नवी कॉइल आणली, दोनवर बसवली, तीनची परत तीनवर लावली आणि जुनी बाजूच्या फळीवर टाकली. इंजिन असं चालू लागलं, की चालू आहे का ते बघायला कान लावावा लागला. सासऱ्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

सकाळी साडू अभिनंदनासाठी हजर झाला, म्हणजे स्वतःच्या कानांनी ऐकायला. घरी परतायच्या बॅगा डिकीत गेल्या, बायको पुढे बसली, सासूबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. धाकट्यानं सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि डिकीतल्या बॅगा तालात उड्या मारू लागल्या.

"गॅरेजवाल्याचा नंबर देऊ का?" साडूनं आपुलकीनं विचारलं.

बॉनेट उघडलं. दोनवर जुनीच कॉइल, छान पुसूनपासून बसवलेली.

"बाबा, इथे नवी होती."

"ती होय," सासरे म्हणाले. "तिच्यावर नंबरच नव्हता. म्हटलं, कुणाची तरी आली असेल चुकून. आणि आपली दोन नंबर बिचारी फळीवर पडलेली. तुमचं बघून बघून मलाही जमायला लागलं आता."

"आणि ती नवी?"

"कपाटात. संकीर्णमध्ये."

धाकट्या जावयानं साडूकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि दहाचा पाना आणायला आत गेला. या खेपेला तो शोधावा लागला नाही.